मागच्या गल्लीतला नाताळ

आम्ही जालन्याकडचे मराठी ख्रिस्ती. नवऱ्याला चाकणच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून ताथवड्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा लेक चार वर्षांची होती. पहिल्या डिसेंबरात नवऱ्याने सुट्टीच्या दिवशी बांबूच्या काड्या तासून, पतंगाचा कागद लावून चांदणी केली. त्याचे वडील करायचे तशीच. आत बल्ब सोडून ती बाल्कनीत टांगली. लेक खाली पार्किंगमध्ये जाऊन, मान वर करून ती बघून आली.

दुसऱ्याच दिवशी वॉचमनकाका दारात. "सेक्रेटरी मॅडमनी काढायला सांगितलंय."

सेक्रेटरी मॅडम पाचव्या मजल्यावर राहायच्या. पन्नाशीच्या, बोलायला गोड. सगळे त्यांना काकू म्हणत, मीही म्हणायचे. मी वर गेले तर म्हणाल्या, "भाडेकरूंनी बाहेर काही टांगायचं नाही, नियम आहे."

मी म्हटलं, "काकू, समोरच्या भाडेकरूंचा दिवाळीचा आकाशकंदील अजून तसाच आहे."

"अगं, तो दिवाळीचा. तुमचं वेगळं."

आम्ही चांदणी काढून आत हॉलमध्ये लावली. तेवढ्यावर मी सोडूनही दिलं असतं. पण नाताळच्या सकाळी आईच्या वळणाप्रमाणे फराळाची ताटं भरली आणि लेकीचा हात धरून काकूंकडेही एक घेऊन गेले. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या. काकूंनी रुमाल उचलून पाहिलं आणि हसल्या.

"हे तर सगळं आमचंच. तुमच्यात केक असतो ना? तुम्ही लोक आधी कोण होतात गं?"

माझ्या आजोबांच्या आजोबांचा बाप्तिस्मा झालेला आहे. हे मला सांगता आलं असतं. मी नुसतीच हसले, तेच मला पुढे वर्षभर बोचलं. जिना उतरताना लेकीने विचारलं, "आई, आपण आधी कोण होतो?"

त्या क्षणापासून मी संधीची वाट बघू लागले. लिफ्टमध्ये काकू भेटल्या की मी गोड बोलायचे. त्यांच्या नव्या साडीचं कौतुक करायचे. मनात मात्र ते ताट आणि तो उचललेला रुमाल होता.

पुढच्या वर्षी संधी चालत घरी आली. काकूंनी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये ख्रिसमस पार्टी ठरवली होती. निवडणुकीला उभे राहायच्या तयारीतले एक भाऊ पाहुणे म्हणून येणार होते. काकू पहिल्यांदा माझ्या दारात आल्या.

"तुमच्या चर्चची मंडळी घरोघरी गाणी म्हणतात ना? त्यांना आण की. खरे कॅरल्स होतील. तुझ्या लेकीलाही परी करून पुढे उभं करू."

"नक्की आणते, काकू," मी म्हटलं. "सात वाजता."

आमच्या कॅरल पार्टीत पंधरा-सोळा जण. कुठल्या संध्याकाळी कुठे जायचं ते मीच ठरवायचे. त्यांना मी काकूंच्या आमंत्रणाबद्दल अक्षर बोलले नाही. सोसायटीच्या कंपाउंडमागे कामगारांच्या खोल्यांची गल्ली आहे. तिथे आमच्या मंडळीतली एक नर्स राहते. यादीत त्या दिवशी सात वाजता तिचं घर लिहिलं. घरी नवऱ्यालाही सांगितलं नाही. त्याने पुठ्ठ्याचे पंख कापून, चंदेरी कागद लावून लेकीला बांधून दिले आणि तो सेकंड शिफ्टला गेला. लेक आठवडाभर आरशासमोर गाणं म्हणत होती. खालच्या मैत्रिणींना तिने पुढच्या रांगेत बसायला सांगून ठेवलं होतं.

गेटमधून बाहेर पडून आम्ही मागे वळलो तशी ती थांबली. "आई, क्लबहाउस इकडे नाही."

"आज इकडे," मी म्हटलं.

गल्लीत ढोलकी आणि पेटी सुरू झाली. खोल्यांमधून बायका पोरं कडेवर घेऊन बाहेर आल्या. कुणी खुर्च्या आणल्या, कुणी चहा टाकला. भिंतीपलीकडून क्लबहाउसचा माइक ऐकू येत होता, "थोड्याच वेळात आपल्यासमोर..." माझ्या मुठीत फोन थरथरत होता. थांबायचा, पुन्हा थरथरायचा. मी मोठ्याने गात होते. इतकं छान मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. तिसरं गाणं संपल्यावर फोन घेतला.

"अगं, कुठे आहेस? पाहुणे येऊन बसलेत."

"मागच्या गल्लीत, काकू. आवाज येत असेल."

"मग इकडे या ना लवकर."

"कशाला? सगळं तुमचंच आहे ना? तुम्हीच म्हणा."

मीच फोन ठेवला.

मागे वळून पाहिलं तर लेक नर्सच्या पायरीवर बसलेली. पंख काढून मांडीवर घेतले होते. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला सगळं कळलं. तो चिडला नाही, पण म्हणाला, "तिचा तरी विचार करायचास."

"तिच्यासाठीच केलं."

"नाही. स्वतःसाठी केलंस."

त्याचं बरोबर होतं. पण ती संध्याकाळ पुन्हा मिळाली तर मी वेगळं वागेन, असंही मला म्हणता येईना.

मार्चमध्ये मालकाने करार पुढे वाढवला नाही. कुणी सांगितलं असेल ते उघड होतं. आम्ही भोसरीला आलो. वरच्या मजल्यावर राहणारे घरमालक कंपनीतून निवृत्त झालेले, बौद्ध. पहिल्या नाताळला त्यांनीच शिडी धरली आणि चांदणी गच्चीच्या कठड्याला बांधून घेतली.

मागच्या डिसेंबरात पिंपरीच्या बाजारात काकू दिसल्या. थकल्यासारख्या वाटल्या. "लेक काय म्हणते?" त्यांनी विचारलं. मी "बरी आहे" म्हणून पुढे गेले. पाळकसाहेब दर नाताळला क्षमेवर बोलतात. मी पहिल्या बाकावर बसून ऐकते आणि त्या बाईला क्षमा करत नाही.

लेक आता सात वर्षांची आहे. गाते, पण माझ्यासोबत कॅरलला येत नाही. विचारलं की म्हणते, "तू सांगतेस तिथे नेत नाहीस." मग बाबांचा हात धरून मागून चालते.