पहिला भाग फुकट

ताईच्या लेकीने, सईने, काल लॅपटॉपवर आमचा जुना गेम शोधून लावला. तोच शिपाई, तेच भुयार, तेच राक्षस. आमच्या लहानपणी हा गेम फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत गावभर फिरला होता. शेवटचा राक्षस पडला की पडद्यावर इंग्रजीत लांबलचक मजकूर यायचा. तो न वाचताच आम्ही दोघी बहिणी टाळ्या पिटायचो. जिंकलो!

“अगं मावशी, हा नुसता पहिला भाग आहे,” सई मजकूर वाचत म्हणाली. “चटक लागावी म्हणून बनवणारे तो फुकट वाटायचे. पुढचे भाग मात्र विकत घ्यावे लागायचे. शिपाई जिंकत नाही, आणखी खोल अडकतो.”

इतकी वर्षं आम्ही त्याला तिथेच सोडून जेवायला उठत होतो.

ताई उशीला टेकून ऐकत होती. “गाठ काढली, पण...” असं तिच्या ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, तेव्हाही आम्ही पुढचं ऐकलंच नव्हतं. वॉर्डभर पेढे वाटले होते. सोमवारपासून केमो सुरू होणार आहे.

“सई, पुढचा भाग लाव,” ताई म्हणाली. “आणि या वेळी सगळं वाचून दाखव.”

मला मात्र अजून टाळ्याच वाजवायच्या होत्या.