तुला समुद्रच दावतो

ही केस आठवली की मला आजही हसू आवरत नाही. त्या दिवशी मात्र कपाळावर घाम होता. नावं सांगत नाही, कारण सगळे अजून इथेच आहेत आणि त्यांतला एकजण रस्त्यात भेटला की चहा पाजल्याशिवाय सोडत नाही.

पितृपंधरवडा चालू होता. मी कोल्हापूर शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच उचगावचा एक शेतकरी आत आला. मिशी मोठी, आवाज त्याहून मोठा. ठाणे अंमलदाराने खुर्ची पुढे केली तरी बसला नाही. धाकटी बहीण मंगळवार पेठेत दिलेली, तिच्या नवऱ्याची पिठाची गिरण. आदल्या दिवशी हा त्यांच्याकडे पित्राच्या जेवणाला गेला होता. निघताना जिन्यात चपला घालत असताना त्याने वरून दाजीचा आवाज ऐकला, "लई दिवस ऐकून घेतलं तुझं. थांब, तुला समुद्रच दावतो." आज सकाळी, तिथे विसरलेली छत्री आणायला गेला, तर घराला कुलूप, गिरण बंद आणि दोघांचे फोनही बंद.

"साहेब, बुडवून मारायला न्हेलीया तिला," तो म्हणाला.

बाहेरगावच्या वाचकाला यात गुन्हा दिसायचा नाही. पण आमच्याकडे 'दावतो तुला' म्हणजे दाखवतो इतका सरळ अर्थ नसतो. भांडणात बाह्या सरसावल्या की पहिला शब्द हाच येतो. शिवाय पितृपंधरवड्यात हौसेनं फिरायला जातं कोण?

बाई बेपत्ता असल्याची 'मिसिंग' दाखल केली, मोटारसायकलचा नंबर कंट्रोल रूमला दिला आणि हवालदाराला पेठेत चौकशीला पाठवलं. हवालदार जुना, कामाला चोख, पण त्याच्या डोक्यात कायम खूनच. तो परत आला तो चेहरा लांब करून. नवऱ्याने काल बाजारातून प्लॅस्टिकचा मोठा कागद, नायलॉनची दोरी आणि भरपूर खडेमीठ नेलं होतं. मीठ कशाला लागतं, असं त्याने मला विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. ते इथे लिहीत नाही. भावाने ते ऐकलं आणि सकाळपासून पहिल्यांदा तो खुर्चीत बसला.

दुपारच्या आत राधानगरी रस्त्यावरच्या एका मिसळवाल्याची खबर आली. त्याच नंबरची गाडी, मागे बाई, दोघं मिसळ खाऊन पुढे गेले. हवालदाराने नोंद केली, 'महिला तोंड बांधलेल्या अवस्थेत.' मग मिसळ कशी खाल्ली, असं मी विचारलं. तेवढ्यापुरतं सोडलं असंल, तो म्हणाला. आता गाडीवर बसणारी आपल्याकडची प्रत्येक बाई स्कार्फने तोंड बांधते, आणि या हवालदाराच्या स्वतःच्या घरात दोन मुली. एरवी मी हसलो असतो, पण ते मीठ माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

तिथल्या ठाण्याला कळवलं, भावाला जीपमध्ये घेतलं आणि निघालो. राधानगरीच्या पुढे रानाच्या कडेला मोटारसायकल उभी दिसली. पाऊस धरून होता. झाडी इतकी दाट की भर दुपारी अंधारलेलं. भाऊ बहिणीला मोठमोठ्याने हाका मारतच उतरला. थोड्या वेळाने पायवाटेने नवरा बाहेर आला, एकटाच. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, खांद्यावर दोरी, हातात मिठाची पुरचुंडी आणि पोटरीपासून शर्टापर्यंत रक्त.

भाऊ बोंब ठोकत त्याच्या अंगावर धावला. हवालदाराने त्याला कसंबसं आवरलं. मी नवऱ्याला बाजूला घेऊन उभ्या पावसातच चौकशी सुरू केली. रक्त कुणाचं, तर त्याचंच. मीठ जळवांसाठी, दोरी ओढा ओलांडायला. मी खाली बघितलं, तर दोन जळवा माझ्याच बुटावरून पँटमध्ये शिरायच्या बेतात होत्या. त्याने न सांगता त्यांच्यावर मीठ टाकलं. जळू चावली की रक्त लवकर थांबत नाही, हे मलाही ठाऊक होतं. म्हणजे खुनाचा सगळा मुद्देमाल निकालात निघाला. पण बायको कुठे आहे, एवढं तो काही केल्या सांगेना. तिला शब्द दिलाय, एवढंच पालुपद.

खोटं बोलणारा नजर चुकवतो म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. मुरलेला गुन्हेगार डोळ्याला डोळा भिडवून बोलतो, नजर चुकवतो तो लाजलेला माणूस. आणि हा मला नाही, मेव्हण्याला चुकवत होता. मी भावाला जीपमध्ये बसवायला लावलं आणि पुन्हा विचारलं.

"साडीत जळवा शिरत्यात, साहेब," तो कानाशी येऊन म्हणाला. "म्हणून तिनं माझी ट्रॅकपँट घातलीया. वर माझाच टी-शर्ट. दादाचा आवाज आला तशी झाडामागं बसली. मरंन पर दादाम्होरं अशी येणार न्हाय, म्हणती."

मिसिंगमधली व्यक्ती समक्ष बघावी लागते. मी झाडीकडे तोंड करून बाईंना हाक मारली. एका बुंध्यामागून हिरव्या बांगड्यांचा हात वर आला. जिवंत आहे, मजेत आहे, दादाला तेवढं लांब ठेवा, असं तो हात म्हणाला.

पुढचं नवऱ्याने सांगितलं. लग्नानंतर महाबळेश्वरला दोघंच जायचं ठरलं, तर जीप भरून चुलत्या आणि मावश्या आल्या. नवरदेव टपावर. तेव्हापासून दरवेळी तेच. आमच्याकडे फिरायला चाललोय असं एकाला सांगितलं की सगळी गल्ली पिशव्या भरते. बाई वर्षानुवर्षं म्हणत होती, एकदा समुद्र दाखवा, पण दोघंच. म्हणून त्याने लोक जात नाहीत असा पंधरवडा निवडला आणि फोन बंद केले. आज रान, उद्या घाट उतरून समुद्र.

तेवढ्यात जीपमधून भावाचा आनंदी आवाज आला. बहीण सुखरूप आहे हे हवालदाराने त्याला सांगितलं होतं आणि त्याने लगेच घरी फोन लावला होता. घरातली माणसं भाड्याची ट्रॅक्स गाडी ठरवत होती, कुठे यायचं एवढंच विचारत होती. आता सगळेच समुद्राला जाऊ, असं त्याने जाहीर केलं.

झाडामागून रडवेला आवाज आला, "साहेब, माझ्या दादाला दोन दिवस आत घाला की."

कायद्याने ते जमणारं नव्हतं. पण तक्रारदाराचा जबाब अपुरा आहे, असं म्हणणं माझ्या अधिकारात होतं. जबाब पूर्ण होईपर्यंत ठिकाण कुणालाही सांगायचं नाही, अशी तंबी देऊन मी त्याला कोल्हापूरला परत आणलं.

जबाब मी स्वतः घेतला, अगदी बहिणीच्या जन्मापासून. पहिला चहा होईतो तो दाजीला शिव्या घालत होता. दुसऱ्या चहाला शाळेपर्यंत आलो. शाळेची सहल समुद्राला गेली होती. वडिलांनी याला पाठवलं. पोरीला कशाला, म्हणून तिला घरीच ठेवलं. याने येताना तिच्यासाठी शिंपले आणले होते. एवढं सांगून हा मिशीवाला खिशात रुमाल शोधू लागला. पोलिसाने जबाब घाईत घेऊ नये, हे मी त्या दिवशी शिकलो. माणूस तक्रार पहिल्या दमात सांगतो, पण मनातलं सांगायला त्याला वेळ लागतो.

त्याचा फोन वाजला. घरचे गाडीत बसले होते, गाव विचारत होते. त्याने डोळे पुसले आणि ठाणं दणाणेल अशा आवाजात सांगितलं, "उतरा खाली. दोघंबी सुखरूप हायती, पर कुठं हायती ते सांगायचं न्हाय. पोलिसांनी तपास चालू ठेवलाय."