ओफेलियाची भिशी

अमेरिकेतल्या याकिमा खोऱ्यात कुणाच्या मुलीला पंधरावं लागणार असलं, की त्या वाढदिवसाच्या मोठ्या सोहळ्यासाठी आईबापांनी आधी चर्चच्या पाद्रींकडून तारीख घ्यायची आणि मग ओफेलिया बार्रिएन्तोसकडून. दोन्हींत पाद्रींची तारीख लवकर मिळायची. ओफेलियाच्या हातचा झगा घालून मुलगी बापाबरोबर कितीही गिरक्या घेऊ दे, झालर कधी पायात यायची नाही. बाई एकसष्ट वर्षांची, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, नवरा इलारियो जाऊन नऊ वर्षं झालेली. बोलायला फटकळ होती. वजन वाढवून आलेल्या मुलीला सरळ म्हणायची, "बाळे, माप मी आज घेतेय, आणि झगा बिचाऱ्याला मे महिन्यात अंगावर चढायचंय. तोवर तोंडाला जरा शिवण घाल." मुली हसायच्या, आया तिच्याहून जास्त हसायच्या.

पण खोऱ्यात तिचं खरं वजन झग्यांमुळे नव्हतं, भिशीमुळे होतं. त्यांच्या मेक्सिकोत भिशीला तांदा म्हणतात. दहा बायका, ओफेलिया धरून. सगळ्या तिथल्या मिचोआकान प्रांतातल्या दोन-तीन गावांतून आलेल्या, आणि ओफेलिया सोडली तर सगळ्या सफरचंदांच्या शेडमध्ये उभ्याने फळं निवडणाऱ्या. दर पंधरवड्याला प्रत्येकीने शंभर डॉलर द्यायचे, चिठ्ठीत जिचा नंबर असेल तिने हजार उचलायचे. अकरा वर्षांत एक डॉलर इकडचा तिकडे झाला नव्हता. कुणाच्या गावाकडच्या आईचा मोतीबिंदू त्यातून निघाला, कुणाच्या भावाची माती झाली, कुणाच्या दारात जुनी का होईना गाडी आली. आणि या सगळ्याची वही म्हणाल, तर नव्हती. भिशीत लिहून ठेवणं म्हणजे समोरचीला तोंडावर चोर म्हणणं. दिलेला शब्द हीच पावती, असं त्या बायकांच्या आयांपासून चालत आलेलं होतं.

तीन वर्षांपूर्वी पलीकडच्या घरात चोरी झाली आणि ओफेलियाने शहाणपणा केला. बायकांच्या कामाच्या पाळ्या वेगवेगळ्या, पैसे आठवडाभर तुकड्यातुकड्याने यायचे. पूर्वी ते पिठाच्या डब्यात पडायचे. आता ती शुक्रवारी बँकेत भरायला लागली आणि शनिवारी काढून आणायला लागली. लोकांचा पैसा, आपल्या घरात जोखीम नको, एवढाच तिचा विचार. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. बँकेच्या कागदावर जे दिसत होतं ते एवढंच, की झगे शिवणाऱ्या एका विधवा बाईच्या खात्यात दर पंधरवड्याला हजार डॉलर रोख जमा होतात, आणि वर्षाचे होतात सव्वीस हजार. कर भरताना बाईने दाखवलेलं शिवणकामाचं उत्पन्न होतं चौदा हजार.

करखात्याने तपासणी लावली. पत्रं आली, तिने पाठवता येईल ते पाठवलं. दुकानातल्या कापडाच्या पावत्या पाठवल्या, कुणी मागितला नसताना इलारियोच्या मृत्यूचा दाखलाही पाठवला. भिशीचं मात्र काय पाठवणार? निर्णय आला की सव्वीस हजार हे लपवलेलं उत्पन्न आहे, दंडासकट साडेसात हजार भरा. आयुष्यात कुणाचं रीळसुद्धा न ठेवून घेतलेली बाई कागदोपत्री करबुडवी झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

पैशाचं दुःख होतंच, पण तो एक शब्द तिला जास्त लागला. म्हणून तीस दिवसांच्या आत तिने अपील केलं. गरिबांचे कराचे खटले फुकट पाहणाऱ्या केंद्रात इत्सेल अर्रियागा नावाची वकील मुलगी होती, तिने अर्ज भरून दिला आणि दुभाषाही मागून घेतला.

"डोन्या ओफेलिया, हे पैसे तुमचे नाहीत, एवढंच आपल्याला दाखवायचंय," इत्सेल म्हणाली; वडीलधाऱ्या बाईला डोन्या म्हणायची त्यांची रीत. "दर बाईचं एक पत्र आणा. नाव, पत्ता, सही, आणि मी इतके दिले, माझ्या पाळीला इतके परत घेतले. झालं."

"झालं म्हणतेस. नऊ बायकांतल्या चौघींकडेच या देशात राहायचे कागद आहेत ग पोरी."

इत्सेलने पेन खाली ठेवलं. "करखात्याने माहिती बाहेर द्यायची नसते. कायदा तसाच आहे."

"तू शपथेवर सांगशील? की या पत्रावरून कुणाच्या दारात कधी उचलून न्यायला गाडी उभी राहणार नाही?"

"शपथेवर नाही सांगू शकत," इत्सेल म्हणाली. मुलगी खरं बोलली, म्हणून ओफेलियाला ती आवडली.

चौघींची पत्रं दोन दिवसांत आली. त्यांतलं पहिलं देल्फिनाचं. मग ओफेलिया चायोकडे गेली. चायो म्हणजे नुसती मैत्रीण नव्हे. ओफेलियाच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी तिने हातात धरलं होतं, तेव्हापासून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. असं नातं रक्ताच्या बहिणीला जरा खाली बसवतं. चायोने कॉफी ठेवली, गोड पाव ठेवला, आणि कशासाठी आलीस हे न विचारताच म्हणाली, "नको मागूस, कोमाद्रे."

"मी अजून तोंड उघडलं नाही."

"उघडू नकोस म्हणूनच सांगतेय. तू माझं रक्त माग, बाहेर बादली आहे, ती भरून देते. सरकारी कागदावर नाव नको. वीस वर्षं मी या देशात पायांच्या बोटांवर चालतेय."

"माझ्यावर लबाडीचा शिक्का बसलाय, चायो."

"शिक्का बसलेली घरी राहते. मला उचलून नेलं तर मी कुठे राहू?"

ओफेलियाने पाव कॉफीत बुडवला, संपवला, आणि कपही स्वतःच विसळून ठेवला. बाकीच्या चौघींकडे ती गेलीच नाही. जिथे चायोने नाही म्हटलं तिथे त्यांच्या दारात उभं राहून त्यांना लाजवायचं कशाला, असं तिला वाटलं.

तोवर भिशीही शेवटचा एकच नंबर उरला असताना मोडली होती. तपासणीचं कळताच बायका बिचकल्या. ज्यांनी हजार उचलले होते त्यांनी हप्ते थांबवले, आणि देल्फिनाचा नंबर शेवटचा, तिचे पैसे अडकले. भिशी चालवणारीच्या माथ्यावर अशी तूट असते, हे कुणी सांगावं लागत नाही. ओफेलियाने दर पंधरवड्याला पन्नास-पन्नास करून स्वतःच्या पदरचे द्यायला सुरुवात केली.

सुनावणी फोनवर होती, मंगळवारी सकाळी दहाला. इत्सेलला त्या दिवशी कोर्टात जावं लागलं. ती म्हणाली तारीख बदलून घेऊ, पण ओफेलियाला आता हे ओझं आणखी महिनाभर वाहायचं नव्हतं. तिने चर्चला जाताना घालायचा ब्लाउज घातला, केस बांधले आणि शिवणयंत्रासमोर बसून फोन घेतला. पलीकडे अधिकारी होता आणि मधे दुभाषी, बोलण्यावरून पोर्तो रिकोची वाटणारी एक बाई.

अधिकारी माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. त्याने चारही पत्रं वाचली होती. आपल्या बायकोच्या माहेरीही असं काहीतरी चालतं असं तो म्हणाला, आणि चौघींचे पैसे सोडून दिले. ओफेलियाचे स्वतःचे शंभरही सोडले. "राहिल्या पाच बायका," दुभाषी त्याचं सांगत होती. "साहेब म्हणतात, त्यांच्या पत्राचीही गरज नाही. तुमच्यावर त्यांचा विश्वास बसलाय. फक्त पाच नावं आणि पत्ते तोंडी सांगा, ते टिपून घेतील आणि सगळी रक्कम काढून टाकतील."

पाचही नावं तिच्या जिभेवर होती. पत्ते तर डोळे मिटून जाता येतील असे. कुणाच्या दारात कुत्रा आहे, कुणाची पायरी मोडकी आहे, सगळं पाठ. पाच नावं घेतली की ती निर्दोष होणार होती, तेही सरकारच्या तोंडून. तिने समोरच्या पांढऱ्या झग्याचं अस्तर मुठीत धरलं.

"बाई, ऐकताय ना?" दुभाषीने विचारलं.

"ऐकतेय. त्यांना सांगा, उरलेले माझेच धरा."

दुभाषीचं काम होतं ते सांगण्याचं, विचारण्याचं नव्हतं, तरी तिने हळूच विचारलं, "माझेच धरा, असंच सांगू?"

"असंच."

मग अधिकाऱ्याने विचारलं, म्हणजे हे तेरा हजार तुमचं उत्पन्न म्हणून तुम्हाला मान्य आहे का? ओफेलिया म्हणाली, मान्य आहे. त्याने तडजोडीचा कागद पाठवतो म्हणून सांगितलं. साडेसातचे चार हजारांच्या आत आले, हप्तेही बांधून मिळाले. फोन ठेवल्यावर ती यंत्राच्या फळीवर डोकं टेकून रडली. अपील तिने हे पैसे माझे नाहीत हे सांगायला केलं होतं, आणि सही त्याच्या उलट करायची वेळ आली होती.

संध्याकाळी चायो आली. आत न येता दारातूनच म्हणाली, "माझं नाव घेतलंस?"

"नाही."

"मग सुटलीस कशी?"

"सुटले कुठे? तुम्हा पाच जणींचे माझेच धरा म्हटलं."

चायो पायरीवर बसली. तिने ओफेलियाचे दोन्ही हात धरले, कपाळाला लावले आणि म्हणाली, "हे मी जन्मभर विसरणार नाही." ती मनापासून म्हणाली, याबद्दल आजही कुणी शंका घेऊ नये.

विसरली नाहीच ती. शेडमध्ये फळं निवडताना तिने शेजारचीला सांगितलं, कौतुकानेच सांगितलं. शेजारचीने पुढचीला सांगितलं. फळांचा पट्टा पुढे सरकत गेला तसं सांगणंही सरकत गेलं, आणि कौतुक मागे राहिलं. डिसेंबरात शेडमधले कामाचे तास कमी झाले, बायकांच्या हाताला काम नाही आणि डोक्यात हिशोब. अकरा वर्षं वही का ठेवली नसेल बाईने, असंही मग कुणीतरी म्हणालं.

नाताळाआधीच्या रविवारी प्रार्थना सुटल्यावर देल्फिनाने ओफेलियाला चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं. सात-आठ बायका भोवती होत्या. देल्फिनाचे निम्मे पैसे अजून यायचे होते, आणि सगळ्यांत आधी सही करून देणारी तीच होती, तेव्हा तिचा आवाज चढणं चुकीचंही नव्हतं.

"डोन्या ओफेलिया, लोक काहीबाही बोलतात. मी म्हटलं, तुमच्याच तोंडून ऐकू. सरकारला तुम्ही सांगितलंत म्हणे, भिशीचे पैसे माझे म्हणून?"

ओफेलियाने चायोकडे पाहिलं. चायो दोन पायऱ्या खाली उभी होती. खुलासा करायचा तर कुणाकुणासाठी हे म्हटलं ते भर पायऱ्यांवर सांगावं लागलं असतं, आणि अनोळखी माणसं आजूबाजूने उतरत होती. हा खुलासा चायोला करता आला असता. निदान ती थोडक्यात म्हणू शकली असती, गप्प बस देल्फिना, मला माहीत आहे. चायोने शाल डोक्यावरून पुढे ओढली आणि पायाकडे बघत राहिली.

"हो," ओफेलिया म्हणाली. "मी सांगितलं."

"म्हणजे खरंच आहे."

"खरं आहे. तुझे राहिलेले मी फेडते आहे, ते फेडीन."

बायका पांगल्या. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. झग्यांची कामं पुढेही येत राहिली, कारण तसा झगा दुसरीकडे मिळत नव्हता. पण माप द्यायला आलेल्या आया आता पैसे टेबलावर मोजून ठेवायच्या आणि पावती मागायच्या. ओफेलिया चष्मा सावरून पावती लिहून द्यायची. जानेवारीत नवी भिशी सुरू झाली. ती चायोच्या घरी भरते, तिथे वही ठेवतात, आणि तिच्यात नऊ बायका आहेत.