फक्कीच्या रेषेत

"या लोकांना मोठ्या खोल्या देऊन उपयोग काय? बकऱ्या बांधतील."

पालिकेचे साहेब हे कंत्राटदाराला म्हणाले. दोघं हसले. मी तिथेच उभी होते.

पिंपरीच्या कडेला, शेताच्या जमिनीवर आमच्या घरांची आखणी चालली होती. झोपडपट्टी उठवून आम्हाला इथे आणणार होते. पांढऱ्या फक्कीने खोल्या आखल्या होत्या. मोरी नव्हती. संडास रांगेच्या टोकाला, सगळ्यांत मिळून एकच.

मी विचारलं, "साहेब, एवढीशी खोली?"

"तुमच्या वस्तीची पाहणी केलीय, बाई. एका वेळी घरात दोन-तीनच माणसं असतात. तेवढ्यात तुमचं भागतं. थोड्या जागेत जास्त खोल्या बसवायच्यात आम्हाला."

पाहणी खरी होती. भर दुपारची. आमच्याकडे माणसं शिफ्टने झोपायची. नवरा कामावरून आला की दीर उठून जायचा, मग भाचा यायचा. अंथरूण तेच. ते कधी गार व्हायचं नाही. लुगडं बदलायला मी शेजारच्या मेहरूनभाभीकडे जायचे. ते कोणी पाहिलं नाही.

भाभी सोबतच होती. तिचा नवरा गॅरेजात मेकॅनिक, पण घरात आवाज तिचा. म्हणाली, "साहेब, तुमच्या बंगल्यात बी पाळीपाळीनंच झोपतेत का सगळे?"

साहेब लाल झाले. "तोंड सांभाळ. फुकट मिळतंय ते घ्या."

फुकट! कंपन्यांच्या तिन्ही पाळ्या आमच्या माणसांनी चालवायच्या आणि घर फुकट.

मी आखलेल्या खोलीत जाऊन बसले. "भाभी, या आत." ती आली.

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी. सगळी वस्ती आली. ज्याचं त्याचं घर आपापल्या रेषेत बसलं. म्हातारी, पोरं, रात्रपाळीवाले, सगळे. माणसं मावली नाहीत. गुडघ्यांखाली फक्की पुसली गेली. कंत्राटदाराने कुदळी परत टेम्पोत टाकल्या.

साहेब आले. "घरं रद्द होतील. राहा मग झोपडीत."

मागे कुजबुज झाली. सासरे म्हणाले, "सूनबाई, मिळतंय ते घे."

मला भीती वाटली. पावसाळ्यात झोपडीत पाणी शिरायचं. तरी उठले नाही.

"करा रद्द," मी म्हणाले. "घर नव्हतं म्हणून पाळीपाळीने झोपलो. त्याच मापाने भिंती बांधणार असाल, तर एक वीट लागू देणार नाही. मारा रेषा. पुन्हा बसू."