तांब्याच्या पत्र्यावरचं नाव

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका भांड्यांच्या कारखान्यात सावळीराम नावं घालायचा. विकल्या गेलेल्या हंड्या-कळशांवर बारीक छिन्नीनं घरधनिणीचं नाव कोरायचं, हे त्याचं काम. अर्ध्या नाशकातल्या बायका त्याला नावानिशी ठाऊक, असं त्याची बायको मंगलाबाई म्हणायची, आणि ते काही कौतुकानं नव्हे. तिच्या स्वतःच्या घरात सगळी पोचे आलेली, कारखान्यानं टाकून दिलेली बिननावाची भांडी. कळवणकडच्या माहेराहून कुणी आलं की त्यांना पाणी द्यायचीसुद्धा तिला लाज वाटायची.

"माझं कधी घालता?" ती विचारायची.

"चांगला हंडा घेऊ, मग घालू," तो म्हणायचा. हंडा काही येईना.

पुढे घरोघरी स्टील आलं आणि कारखाना बसला. मालकानं रिकाम्या शेड चित्रकारांना, मूर्तिकारांना भाड्यानं दिल्या आणि सावळीरामला राखणीला ठेवून घेतलं. मंगलाबाई झाडायला जायची. चांगली शिकलेली माणसं सकाळभर एका निळ्या पट्ट्याकडे बघत बसतात, याची तिला मनापासून कीव यायची. मूर्तिकार लताबाई मात्र तिला आवडली. ती हातोडी घेऊन घाम गाळायची. तांब्याच्या एका भल्यामोठ्या पत्र्यातून तिला डोंगर उठवायचा होता, त्यासाठी तिनं सावळीरामला जोडीला घेतलं. कारखाना बंद पडल्यापासून मुका झालेला नवरा जेवताना पुन्हा बोलू लागला.

प्रदर्शनाच्या दिवशी पाहुणे तो पत्रा लांबून, मान वाकडी करून पाहत होते. मंगलाबाईनं मात्र कुठलीही बाई भांडं पाहते तसं थेट काठाशी पाहिलं. तिथं कोरलं होतं, सौ. मंगलाबाई.

नाव ज्याचं, वस्तू त्याची. ही तर चोरी झाली! तिनं नवऱ्याला बाजूला ओढलं.

"अहो, दुसऱ्याच्या मालावर माझं नाव? हाकलून देतील आपल्याला!"

"लताबाईच म्हणाल्या, अर्धं काम तुमचं हाय, खाली तुमचं नाव घाला," तो म्हणाला. "आता मी जन्मभर बायांचीच नावं घातली. माझं कसं घालू?"

मंगलाबाईला ते पटेना. ती स्वतःच लताबाईकडे गेली आणि म्हणाली, "चूक झाली त्यांची. पुसायला लावते."

लताबाईनं वाकून नाव वाचलं आणि ती हसली. "त्यांचा वाटा त्यांनी तुम्हाला दिला. मी कोण पुसणारी?"

पत्रा मुंबईच्या एका पाहुण्यानं घेतला. तो न्यायला टेम्पो आला, त्या दिवशी मंगलाबाई सकाळपासून नवऱ्यावर फुगली होती. घरात हंडा नाही तो नाहीच, आणि आयुष्यात एकदा नाव घातलं तर ते चाललं मुंबईला! तिला राग येत होता आणि रडूही येत होतं. हमालांनी पत्रा उचलताना दाराच्या चौकटीला आपटला, तशी ती हातातला झाडू टाकून धावली.

"जपून रे मेल्यांनो! माझं नाव हाय त्याच्यावर."