वेल्डरचा पहिला गोल

माझ्या वरच्या मजल्यावर राहणारा मालवणी वेल्डर कुवेतमधल्या मीना अब्दुल्ला बंदराच्या रिफायनरीत काम करतो. तिथल्या ऑस्ट्रेलियन इंजिनियरांनी त्यांच्याकडच्या फुटबॉलचा संघ काढला, तेव्हा चाळिशीत त्यात शिरलेला पहिला भारतीय हाच. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचं आणि लाथेनं गोल मारायचा. तीन वर्षांत त्याचा एकही झाला नव्हता. जिन्यात लंगडत भेटायचा. "काय नाय ओ डॉक्टर, पाय जरासो मुरगाळलो."

एका शुक्रवारी समोर गोल मोकळा होता. तेवढ्यात त्याला अडवणारा खेळाडू गुडघा धरून कोसळला. यानं चेंडू टाकला आणि प्रेक्षकांत बसलेल्या मला हाक मारली. संघ हरला.

"गोल काय, पुढच्या शुक्रवारी मारतलंय," तो म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी त्याचा चेंडू गोलच्या मधल्या खांबांऐवजी कडेच्या खांबांमधून गेला. तो गोल धरत नाहीत, तिथं सहाऐवजी एकच गुण मिळतो. तरी हा हात उंचावून मैदानभर धावला आणि सगळे इंजिनियर त्याच्यामागे.