बोलत जा, बाई

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, एका भाद्रपदात, आम्ही नवरा-बायको गाडीनं सिरोंच्याला नणंदेकडे निघालो होतो. सावली गावाच्या पुढे रस्त्यालगतच्या तलावात सारसांची जोडी दिसली. त्यातला एक पाणगवताच्या ढिगावर बसून होता. म्हणजे अंडी असणार. मी गाडी थांबवायला लावली.

तलावाच्या पाळीवर एक म्हातारी मासे धरायचं जाळं सोडवत बसली होती. ती म्हणाली, "जवळ जाता तं बोलत बोलत जा, बाई. चुप नोका जाऊ."

मला हसू आलं. पंधरा वर्षं मी दुर्बीण घेऊन हिंडत होते. पक्ष्यांजवळ आवाज करायचा नसतो, हे मीच इतरांना शिकवत असे. नवऱ्याला गप्प करून मी वाकून, दबकत पुढे गेले. बसलेल्या सारसानं मान उंचावली आणि दोघेही ओरडत उडाले. लगेच कावळे उतरले.

म्हातारी गुडघाभर पाण्यातून हात हलवत धावली. ती पोचेपर्यंत एक अंडं फुटलं होतं. दुसरं शाबूत होतं.

"चुप येते तो फासे लावनारा," परत येऊन ती म्हणाली. "आमी रोज बोलत जातो, मनून ते उठत नाई. आता निघा, अन् बोलत जा. तवाच येतीन ते."

काय बोलावं सुचेना. मी मोठ्यानं किराण्याची यादी म्हणत गाडीपर्यंत गेले. "गूळ राहिला," नवरा मध्येच म्हणाला. कोणीच हसलं नाही.

परतताना तिथे थांबायचं मला धाडस झालं नाही. दुसऱ्या अंड्याचं काय झालं, ते अजून माहीत नाही.